दोष क्रमांक ८१२

ओउलू, डिसेंबर. दुपारी दोनलाच
उन्हानं हजेरी लावून पाय काढता घेतलाय.
डांबराच्या जुन्या वखारीत, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
हीटर तापला की तुळयांतून अजून
बुडून गेलेल्या जहाजांचा वास येतो.

मी सांप्सा. खेळ लिहीत नाही, मोडून बघतो.
एकाच भिंतीवर तीनशे वेळा आपटतो,
जिथं जायचं नाही तिथं जातो,
कुठं काय उसवतं ते टिपून ठेवतो.
पोटापाण्याचा धंदा.

पहिल्या भागात सगळं सरळ होतं.
पडद्याच्या कोपऱ्यात पट्टी:
बरं वागलात की निळी चढायची,
वाईट वागलात की तांबडी.
वरच्या गावाला पूर आला, तुम्ही धरणाचं चाक फिरवलंत,
माणसं छपरांवरून उतरली, पोरांनी टाळ्या पिटल्या,
चाळीस गुण निळे.
चाळिसात एक ढाल यायची. देखणी होती.
वीस लाख लोकांनी ते चाक फिरवलं.
मीही.
पाणी मग गेलं कुठं, हे कुणी विचारलं नाही,
नकाशाच तिथं संपत होता.

दुसरा भाग ऑर्वोक्कीनं लिहिला.
तिनं फार काही केलं नाही,
नकाशा चार बोटं खाली वाढवला.

तिथं एक मीठवाली बसते.
मागं खिडक्यांपर्यंत गाळ भरलेली घरं,
बर्चच्या शेंड्यात अडकलेली एक होडी,
जिच्याकडे कुणीच मान वर करून बघत नाही.
आपण पाठीवर तीच ढाल घेऊन पुढ्यात उभे.
ती तागडीतून नजर न काढता विचारते,
"चाळीस मिळाले होते ना रे?
हेच घेतलंस त्यांचं?"

आणि कोपऱ्यात पट्टी नाही.
हेंरिक बैठकीत वैतागला:
"अगं, मग खेळणाऱ्याला कळायचं कसं,
आपण चांगले की वाईट?"
ऑर्वोक्की हीटरवर हातमोजे वाळत घालत होती.
"मलाही कळत नाही," म्हणाली,
"तरी मी रोज कामावर येतेच की."

तीन उत्तरं दिली आहेत:
मला माहीत नव्हतं.
तिकडची माणसं तर वाचली.
तुला किती पैसे हवेत?
प्रत्येक मी नव्वद वेळा देऊन पाहिलं.
नव्वद वेळा तिनं मीठ तोललं
आणि पुढच्या गिऱ्हाईकाला हाक मारली.

मग एकदा कॉफी आणायला उठलो, तिथंच रेंगाळलो.
परत आलो तर ती जागची हलली होती.
लिहिलं: दोष क्रमांक ८१२.
चार मिनिटं काहीच न दाबल्यास
पात्र गोणपाटावर सरकून जागा करतं. खेळ पुढं जात नाही.
ऑर्वोक्कीचं उत्तर आलं: दोष नाही. राहू दे.

कागदगिरणीत होतो तेव्हा
रैमो रात्रपाळीला पिऊन यायचा.
मी वर कळवलं. कुणाचा हात रोलरखाली गेला नाही.
मला बोनस मिळाला, आणि गिरणीचं चित्र असलेला एक मग.
बरोबरच केलं. उद्या पुन्हा करीन.
परवा बाजारात तो मासळीच्या टपरीपाशी
तळहातावर सुटी नाणी मोजत होता,
संपली की पुन्हा पहिल्यापासून.
मी टोपी खाली ओढली.

नाताळच्या आत विकायचा म्हणून
खेळ अर्धाच बाहेर पडला.
शेवटचं दार उघडतं, पलीकडे नुसता करडा रंग.
लोक पैसे परत मागतायत. त्यांचंही खरंच आहे.

रात्री सगळे गेल्यावर मी तो लावतो,
हात मांडीवर ठेवतो.
खाली कुणीतरी बर्फ खरवडत असतं.
चौथ्या मिनिटाला ती सरकते. मी बसतो.
ढाल आडवी येते, भिंतीला पाठ टेकत नाही,
आणि ती काढून ठेवायची सोय कुठंच नाही.

हा मात्र दोष आहे.
अजून नोंदवलेला नाही.